मशीन कुणाचं?

१९७२ साली ओडेमार पिगे या स्विस कंपनीनं रॉयल ओक नावाचं घड्याळ बाजारात आणलं. स्टीलचं, अष्टकोनी बेझलचं (काचेभोवतीच्या कडीचं), वर स्क्रू उघडे दिसणारं, आणि किमतीला भलभलत्या सोन्याच्या घड्याळांना मागे टाकणारं. चार वर्षांनी पाटेक फिलिपचं नॉटिलस आलं आणि त्याच्या पुढच्या वर्षी व्हाशेरॉन कॉन्स्टंटिनचं २२२. घड्याळांच्या शौकिनांमध्ये ही तीन नावं कशी घेतली जातात ते ज्यानं ऐकलंय त्याला वेगळं सांगायला नको. गंमत अशी की या तिन्ही घड्याळांच्या पोटातलं मशीन मुळात एकच होतं आणि ते बनवलं होतं चौथ्याच कंपनीनं. जेगर-लकूल्त्रचं १९६७ सालचं कॅलिबर (म्हणजे मशीनचं मॉडेल) ९२०. कागदासारखं पातळ, सेल्फ-वाइंडिंग म्हणजे मनगटाच्या हालचालीनं आपोआप चावी बसणारं, त्या काळी अजोड. तिन्ही घरांनी ते घेतलं, आपापल्या रीतीनं घासूनपुसून त्याला आपला नंबर घातला आणि आपल्या केसमध्ये बसवलं. ज्यांनी ते घडवलं त्या जेगर-लकूल्त्रनं मात्र स्वतःच्या नावाच्या एकाही घड्याळात ते कधी वापरलं नाही.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं, कारण माझी सगळी नोकरी पर्चेसला गेली. अंधेरीच्या एका इंजिनिअरिंग कंपनीत. आम्ही व्हॉल्व्ह बनवायचो. निदान बाहेर तसं सांगायचो. प्रत्यक्षात बॉडीचं कास्टिंग कोल्हापूरहून यायचं, स्पिंडल कुर्ल्याला टर्न व्हायचे, प्लेटिंग वसईला, ओ-रिंगा (गळती थांबवणाऱ्या रबरी कड्या) भिवंडीच्या बाजूच्या एका गाळ्यातून. आमच्या शॉपफ्लोअरवर फायनल मशीनिंग, असेंब्ली आणि टेस्टिंग. नेमप्लेट आमची, पण तीही मरोळचा एक माणूस एचिंग करून द्यायचा.

दर वर्षी बजेटच्या तोंडावर एक फाइल फिरायची. कुठला पार्ट घरात करायचा आणि कुठला जॉबवर्कला टाकायचा. त्या फाइलीत कला, परंपरा, वारसा असले शब्द कधी आले नाहीत. बाहेर स्वस्त पडतंय का, पार्टी वेळेवर देईल का, आणि उद्या तिनं हात वर केले तर आपली लाइन किती दिवस चालेल, एवढंच बघायचं असे. यातल्या तिसऱ्या प्रश्नानं माझी जेवढी झोप खाल्ली तेवढी पहिल्या दोघांनी मिळूनही खाल्ली नसेल.

माझा भाचा पवईला राहतो, फायनान्समध्ये आहे, आणि गेली काही वर्षं त्याला घड्याळांचा नाद लागलाय. चांगला नाद आहे, महाग आहे एवढंच. परवा त्यानं मनगट पुढे करून सांगितलं, "मामा, हे बघ. पूर्ण इन-हाउस. ईटीए-बिटीए काही नाही." ईटीए म्हणजे ढीगभर ब्रँडना तयार मशिनं पुरवणारी स्विस कंपनी; तिचं नाव घेताना त्यानं नाक जरा वर केलं. मी म्हटलं, अरे, ईटीएनं तुझं काय वाकडं केलंय? त्याच्याकडे उत्तर तयार होतं: जे घर आपलं मशीन आपण बनवतं ते खरं घर, बाकीचे नुसते जुळवणारे. हे वाक्य त्यानं कुठल्या तरी व्हिडिओत ऐकलं असणार. ते इतक्या ठिकाणी इतक्यांदा बोललं जातं की खरं वाटायला लागतं.

पण स्विस घड्याळाचा जन्मच मुळी जुळवण्यातून झालेला आहे. ज्युराच्या डोंगरात बर्फ पडलं की शेती बंद. अठराव्या शतकापासून तिथल्या शेतकऱ्यांच्या घरात, उजेडासाठी खिडकीला लावलेल्या बाकावर, कुणी फक्त चाकं कापायचं, कुणी फक्त स्क्रू, कुणी काटे, कुणी नुसतं पॉलिश. एक व्यापारी हे सगळं गोळा करी, जुळवायला कारागीर लावी आणि वर नाव घालून विकी. या पद्धतीला तिकडे एताब्लिसाज म्हणतात. ला शो-द-फों आणि ल लोक्ल ही गावं या कामावर वाढली. १७९४ साली ला शो-द-फों आगीत जळालं. त्यानंतर ते नव्यानं वसवताना लांबच लांब समांतर रस्ते आखले गेले आणि कामाच्या टेबलावर ऊन यावं अशी घरं रचली गेली. २००९ साली युनेस्कोनं ही दोन्ही गावं जागतिक वारशाच्या यादीत घेतली. साकीनाक्याच्या जॉबवर्कवाल्या गाळ्यांना हे कळलं तर बरं वाटेल.

मोठी घरंही याच मातीतली. हान्स विल्सडॉर्फनं १९०५ साली लंडनमध्ये धंदा मांडला, तोच पुढे रोलेक्स झाला. त्याच्याकडे कारखाना नव्हता. मशीन यायचं स्वित्झर्लंडमधल्या बिएनच्या एग्लर या कंपनीकडून. हा व्यवहार जवळजवळ शंभर वर्षं चालला. रोलेक्सनं बिएनचा तो कारखाना विकत घेतला तो थेट २००४ साली. पाटेक फिलिपची गोष्ट तर आमच्या व्हेंडर लोकांनी फ्रेम करून लावावी अशी आहे. जागतिक मंदीत पाटेक अडचणीत आली आणि १९३२ साली ती विकत घेतली ती शार्ल आणि जाँ स्टर्न या भावांनी. हे भाऊ कोण? पाटेकला डायल पुरवणारे. आजही कंपनी स्टर्न घराण्याकडेच आहे. डायलवाल्यानं घड्याळवाला घेतला!

आणखी एक. १९६९च्या जुलैत बझ ऑल्ड्रिन चंद्रावर ओमेगाचं जे स्पीडमास्टर घालून फिरला त्यातलं मशीन आणि पाटेकनं १९८६ साली काढलेल्या पर्पेच्युअल कॅलेंडर क्रोनोग्राफमधलं (क्रोनोग्राफ म्हणजे स्टॉपवॉच असलेलं घड्याळ) मशीन, दोघांचं मूळ लेमानिया या कंपनीचं २३१०. एकावर साधं काम, दुसऱ्यावर हातानं केलेलं अतोनात बारीक फिनिशिंग. पाटेकच्या त्या घड्याळाला 'नुसतं जुळवलेलं' म्हणायची हिंमत माझ्या भाच्यातही नाही.

मग हे इन-हाउसचं वेड आलं कुठून?

बॅटरीवरच्या क्वार्ट्झ घड्याळांच्या लाटेत अर्धीअधिक स्विस घड्याळं बुडाल्यावर १९८३ साली निकोलस हायेकच्या सल्ल्यानं दोन मोठे गट एकत्र केले गेले आणि पुढे ते त्याच्याच हाती आले. आज त्याला स्वॉच ग्रुप म्हणतात. ईटीए या ग्रुपची. तिचं २८२४, २८९२ आणि व्हालझू ७७५० ही मशिनं इतकी चांगली, इतकी स्वस्त आणि इतकी मुबलक होती की हजारांपासून लाखांपर्यंत किमतीच्या घड्याळांत तीच धडधडत होती. डायल बदला, केस बदला, नाव बदला. जाहिरातीवर पैसे घालवा. आत ईटीए आहेच. हायेकला यातलं बरंच खटकत होतं आणि ते मला पूर्ण पटतं: कारखाना, माणसं, मशिनरी, संशोधन यांत पैसा त्यानं घालायचा आणि त्या जोरावर स्पर्धकांनी भरमसाट नफा कमवायचा. २००२ साली ईटीएनं जाहीर केलं की बाहेरच्यांना मशिनचे कच्चे, न जुळवलेले संच देणं आम्ही टप्प्याटप्प्यानं थांबवणार. स्विस स्पर्धा आयोग मध्ये पडला. तडजोडी झाल्या, मुदती वाढल्या. २०१३च्या करारानं पुरवठा २०१९पर्यंत पायरीपायरीनं कमी करायची मुभा मिळाली.

पर्चेसच्या टेबलावर बसलेल्या माणसाला या बातमीचा अर्थ लगेच कळतो. आमच्याकडे एकदा एका सिंगल सोर्स व्हेंडरकडे संप झाला होता. तेव्हा आमचे प्लांट मॅनेजर रोज सकाळी माझ्या टेबलापाशी येऊन नुसते उभे राहायचे. बोलायचे काही नाहीत. जिनिव्हात, बिएनला, ल लोक्लला त्या काळात किती टेबलांपाशी असं कुणी येऊन उभं राहिलं असेल! ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी धडाधड स्वतःची मशिनं काढायला घेतली. काही खरोखर स्वतःची, काही दोघांतिघांत मिळून. ब्राइटलिंगचं बी०१ २००९ साली आलं, ट्यूडरची स्वतःची मशिनं २०१५ साली. आणि २०१७ साली दोघांनी चक्क अदलाबदल केली. ट्यूडरच्या क्रोनोग्राफमध्ये ब्राइटलिंगचं मूळ मशीन, ब्राइटलिंगच्या साध्या घड्याळात ट्यूडरचं.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे सगळं पुरवठ्याच्या भीतीतून झालं. आमच्या फाइलीतला तिसरा प्रश्न. पण भीती काही शोरूममध्ये काचेखाली मांडता येत नाही. म्हणून गरजेला गुणाचं नाव मिळालं, जाहिरातवाल्यांनी त्यावर वारशाचा मुलामा दिला आणि दहा-पंधरा वर्षांत माझा भाचा ईटीएला नाक मुरडायला लागला.

या भानगडीत सगळ्यात मजेशीर वाटचाल केली ती सेलिटानं. ला शो-द-फोंची १९५० सालची कंपनी. ईटीएकडून कच्चे संच घ्यायचे, जुळवायचे, तपासायचे आणि पुढे द्यायचे, हा तिचा धंदा. म्हणजे आपल्या भाषेत जॉबवर्क. वरचा नळ बंद होणार हे दिसल्यावर तिनं २८२४चा आराखडाच उचलला. पेटंटची मुदत कधीच संपली होती. त्यावर तिचं एसडब्ल्यू २०० उभं राहिलं. ईटीएत २५ ज्वेल (चाकांचे आस ज्यांत फिरतात ते खडे), हिच्यात २६. बाकी पार्ट जवळजवळ एकमेकांना लागतात. आमच्याकडे असं काही घडलं की आम्ही म्हणायचो, "पार्टी शिकली." त्यात थोडा राग असायचा आणि बरंच कौतुक.

घरात बनवण्याचे फायदे नाहीत असं नाही. रोलेक्सच्या डेटोनाचंच बघा. १९८८पासून २०००पर्यंत त्यात झेनिथ कंपनीचं एल प्रिमेरो हे मशीन होतं. रोलेक्सनं त्यात पुष्कळ बदल केले, ताशी ३६,००० ठोक्यांचं ते २८,८००वर आणलं, आपला बॅलन्स (ठोके देणारं झुलतं चाक) घातला. तरी ते दुसऱ्याच्या नकाशावर बांधलेलं घर होतं. २००० साली स्वतःचं ४१३० आलं तेव्हा क्रोनोग्राफच्या यंत्रणेतले पार्ट, कंपनीच्या सांगण्याप्रमाणे, ६० टक्क्यांनी कमी झाले आणि एकदा पूर्ण चावी दिली की चालण्याची मुदत ७२ तासांवर गेली. कोऱ्या कागदावर सुरुवात करायला मिळाली की हे करता येतं. दुसऱ्याच्या मशीनवर ठिगळं लावून नाही. मी स्वतः मॅनेजमेंटशी भांडून दोन पार्ट बाहेरून आत आणले होते, याच कारणासाठी.

तरीही शौकीन काय करतात? झेनिथच्या मशीनचा डेटोना शोधत फिरतात. आणि २०१७च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या लिलावात हॉलिवूडचा नट पॉल न्यूमन याचा स्वतःचा डेटोना १ कोटी ७७ लाख डॉलरच्या वर गेला, त्यात तर व्हालझू या दुसऱ्याच कंपनीचं मशीन होतं. विकत घेतलेलं.

उलट बाजूनं बघा. आमच्या घरातलं पहिलं इन-हाउस घड्याळ म्हणजे वडिलांचं एचएमटी जनता. १९६१ साली जपानच्या सिटिझनशी करार करून सरकारनं बंगळुरूला कारखाना घातला आणि पुढे मशीन तिथंच बनू लागलं. १७ ज्वेल, रोज सकाळी दाढी झाली की वडील चावी द्यायचे. सायको ५ घ्या. सायको तर स्प्रिंगपासून सगळं स्वतः करते. किंमत? माझ्या भाच्याच्या एका पट्ट्यात दोन येतील. इन-हाउस म्हणजे उंची माल, असं समीकरण असतं तर वडील मिल कामगारांच्या चाळीतले सगळ्यात श्रीमंत गृहस्थ ठरले असते. आणि सगळं घरात बनवल्यानं एचएमटी वाचली असंही नाही; २०१६ साली सरकारनं तिची घड्याळांची कंपनी बंद केली.

शिवाय 'पूर्ण' इन-हाउस हे प्रकरण तपासायला गेलं की हाताला लागत नाही. हेअरस्प्रिंग घ्या. केसापेक्षा बारीक जाडीची ती चपटी तार बॅलन्सला धरून मागेपुढे नाचवते. २८,८०० ठोक्यांच्या घड्याळात दिवसाला ६,९१,२०० वेळा. तापमान बदललं तरी ताण बदलायचा नाही, चुंबकाला भुलायचं नाही, वर्षानुवर्षं दमायचं नाही. मिश्रधातू ओतणं, तार ओढणं, रोलरमधून चपटी करणं, तीन-चार एकत्र गुंडाळून भट्टीत घालणं, हे मोजक्या लोकांना जमतं. रोलेक्सला जमतं, सायकोला जमतं, आणखी हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्यांना. बाकी स्विस घड्याळांचा बराच मोठा भाग आजही निव्हारॉक्सकडे जातो, आणि निव्हारॉक्स कुणाची? स्वॉच ग्रुपची. म्हणजे ईटीएला नाक मुरडून घेतलेल्या घड्याळाचं काळीज पुष्कळदा ईटीएच्या सख्ख्या बहिणीकडून आलेलं असतं. ज्वेल बाहेरचे, नीलमणी काच बाहेरची, पट्टा बाहेरचा. डायल आणि काटे? हिमाचलमधल्या परवानूला डायल बनवणारी केडीडीएल नावाची आपली भारतीय कंपनी आहे, ती स्विस ब्रँडना माल देते. यात बेकायदा काही नाही. २०१७पासूनच्या नियमाप्रमाणे 'स्विस मेड' लिहायला उत्पादनखर्चाचा किमान ६० टक्के भाग स्वित्झर्लंडमधला लागतो, मशीन स्विस लागतं, केसमध्ये बसवणं आणि शेवटची तपासणी तिथं व्हावी लागते. उरलेल्या ४० टक्क्यांत जग मावतं. परवानूच्या त्या डायलवर 'स्विस मेड' ही अक्षरंही तिथंच छापली जात असतील का, असा एक आचरट विचार माझ्या मनात येतो.

मला राग जॉबवर्क लपवण्याचा आहे. साकीनाक्याला आमचा एक टर्नर होता. दहा बाय पंधराचा गाळा, दोन जुनी लेथ, पोटमाळ्यावर त्याचा पुतण्या झोपायचा. आमच्या एका व्हॉल्व्हसाठी त्याच्याकडे पितळी बुश टाकले होते. सॅम्पल देण्याआधी त्याचा फोन आला, "साहेब, ड्रॉइंगमध्ये आतल्या कडेला चॅम्फर नाही. तुमची ओ-रिंग कापली जाणार." मी म्हटलं, तुला काय माहीत आत ओ-रिंग जाते? आमच्या असेंब्लीत हा माणूस कधी आला नव्हता. तो म्हणाला, "खाच बघून कळतं ना. आणि एवढी धारदार कड ठेवून वरून रबर ढकलायचं म्हणजे..." पुढचं वाक्य त्यानं पूर्ण केलं नाही, आमच्या डिझाइनवाल्यांचा मान राखला. त्यानं मला एका नखानं बुशची कड दाखवली होती नंतर. कापसाचा धागा तिच्यावरून ओढला तर अडकायचा. चॅम्फर टाकलेल्या, म्हणजे कड तिरकी तासलेल्या, बुशवरून सरकन निघून जायचा. धागा त्यानं स्वतःच्या बनियनचा काढला होता. ड्रॉइंगची रिव्हिजन निघाली, खाली चेक्ड बाय, अप्रूव्हड बाय अशी सगळ्यांची सही आली. त्याची कुठून येणार?

झवेरी बाजारात दागिना घेताना आपण पेढीचं नाव बघतो; वरच्या मजल्यावरच्या खोलीत तो घडवणारा बंगाली कारागीर आपल्याला दिसत नाही, पण घडणावळ मात्र बिलात वेगळी मांडलेली असते. म्हणजे दुसऱ्या कुणाचा तरी हात लागलाय हे निदान कागदावर मान्य असतं. घड्याळाच्या बिलात तेवढंही नाही.

आपल्या शहराच्या नावानं एक बदनाम चीज आहे: मुंबई स्पेशल. परदेशी शौकीन इंटरनेटवर हे नाव नाक धरून घेतात. चोर बाजारात किंवा कुठल्या तरी गल्लीत जुन्या सायको ५चं, सिटिझनचं, फाव्हर-लुबाचं मशीन घ्यायचं, डायल नव्यानं छापायचं, काटे तिसऱ्याचे, केस चौथ्याची पॉलिश करून, आणि 'ओरिजिनल व्हिंटेज' म्हणून विकायचं. यात दोष चार ठिकाणचे पार्ट जुळवण्याचा म्हणता येत नाही. ज्युरातले व्यापारी दोनशे वर्षं तेच करत होते. दोष 'ओरिजिनल' म्हणण्यात आहे. मग तीच फूटपट्टी वरच्या मजल्यावर लावा. २००९च्या शेवटी टॅग हॉयरनं कॅलिबर १८८७ आपलं म्हणून मोठ्या गाजावाजानं आणलं. जाणकारांनी फोटो बघून ओळखलं की आराखडा सायकोचा आहे, आणि मग कंपनीला ते सांगावं लागलं. मशीन चांगलं होतं. सायकोकडून हक्क रीतसर घेतले होते. पहिल्याच दिवशी तसं सांगितलं असतं तर कोण काय बोललं असतं?

आता दुरुस्ती. हा मुद्दा शोरूममध्ये कुणी काढत नाही आणि मला तो सगळ्यात मोठा वाटतो.

दादर पश्चिमेला, स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, एका इमारतीच्या जिन्याखाली आमचे घड्याळवाले काका बसतात. काचेचं कपाट, छातीइतकं उंच टेबल, डोळ्याला भिंग, पेट्रोलची वाटी, रबरी फुगा. पाठीमागे लहान लहान पत्र्याच्या डब्या, कॅप्सटनच्या, अमृतांजनच्या, प्रत्येकीत कुठल्या तरी मेलेल्या घड्याळाचे अवयव. माझं एक जुनं स्विस घड्याळ आहे, आत ईटीए २८२४. त्याची चावी फिरवली की आतला रोटर (मनगटाबरोबर फिरून चावी देणारं वजन) भिंगरीसारखा गरगरायला लागला होता. काकांनी मागचं झाकण उघडलं, चावीला दोन वळसे दिले, आणि भिंग न लावताच म्हणाले, "रिव्हर्सर सुकलेत." रोटरचा एक स्क्रू काढला, वरची फळी उचलली, चिमट्यानं दोन इवलीशी चाकं काढून माझ्या तळहातावर ठेवली. चाक कसलं, दोन पातळ चकत्यांच्या मध्ये सूक्ष्म खटके; एकाच दिशेनं धरणारे, दुसऱ्या दिशेनं सोडणारे. तेल वाळलं की खटके दोन्हीकडे धरतात आणि चावीबरोबर रोटरही ओढला जातो. एक चाक झिजलं होतं. काकांनी मागे न बघता हात घातला, एक डबी काढली, त्यातलं एक बसवलं. "हे एका दुसऱ्या कंपनीच्या घड्याळातलं आहे. चालतं." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घड्याळ तयार. पैसे दिले ते भाचा कॉफीला देतो त्याहून फार जास्त नव्हते.

मग मी भाच्याचं ते इन-हाउस त्यांना दाखवायला नेलं. मागून काचेचं झाकण होतं. काकांनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं. कडा कशा तासल्यात, स्क्रूच्या डोक्यावरचं पॉलिश, सगळं. मनापासून म्हणाले, "काम फार सुंदर आहे." मग घड्याळ परत देताना, "पण मी हे उघडणार नाही. यातला एक स्क्रू गेला तर मी कुठून आणू?" ते बरोबरच होतं. असल्या मशीनचे पार्ट कंपनी बाहेर देत नाही. तेल कुठलं, किती, टूल कुठलं, हेही तिच्याच लोकांना माहीत. लाखो घड्याळांत जी मशिनं गेली त्यांचे पार्ट, त्यांच्या नकला आणि त्यांच्यावर हात बसलेले कारागीर जगभर पसरलेत. जे मशीन एकाच घराचं, त्याचा डॉक्टरही एकच. उद्या ते घर विकलं गेलं, नव्या मालकानं ते कॅलिबर बंद केलं, तर? लोक म्हणतात, मोठी घरं जुनं घड्याळ कधीही दुरुस्त करून देतात. पाटेकसारखी काही देतातही. ज्यांनी कालपरवा स्वतःचं मशीन काढलं, त्यातली सगळी पन्नास वर्षांनी असतील यावर पैज लावायला मी तयार नाही.

भाच्याचाच एक क्रोनोग्राफ (ब्रँडचं नाव घेत नाही) दुरुस्तीला दिला होता. पावसाळ्याच्या आधी दिला. इथल्या सर्व्हिस सेंटरनं तिकडे पाठवला. एस्टिमेट आलं तेव्हा गणपती बसले होते आणि घड्याळ आलं तेव्हा भाऊबीज उलटली होती. पार्ट 'अवेटेड' होता, असं पत्रात लिहिलेलं. अवेटेड! हा शब्द मी स्वतः किती लोकांना ऐकवलाय.

तर परवा तो मला बीकेसीतल्या एका शोरूममध्ये घेऊन गेला. त्याला आणखी एक घ्यायचं होतं. सेल्समन मुलगा हुशार होता, पांढरे हातमोजे घालून ट्रे पुढे सरकवला आणि पहिलंच वाक्य, "सर, पूर्णपणे इन-हाउस कॅलिबर." मी म्हटलं, छान. हेअरस्प्रिंग कुणाची? तो गोड हसला. बरं, ते राहू दे. सर्व्हिस मुंबईत होते की बाहेर जातं? साधारण किती आठवडे? आणि कॅलिबर बंद झालं तर पार्ट किती वर्षं देणार, हे कुठं लिहून मिळतं का? त्यानं हातमोजे काढले, फोन लावला, बाजूला जाऊन बराच वेळ बोलला. भाचा माझ्याकडे बघायला तयार नव्हता. मुलगा परत आला आणि म्हणाला, "सर, साधी सर्व्हिस इथं होते. क्रोनोग्राफचं काम असेल तर बाहेर. पार्टचं मी तुम्हाला ईमेलवर कळवतो."

शेजारच्या ट्रेमध्ये त्याच ब्रँडचं एक साधं, तीन काट्यांचं घड्याळ होतं. त्याबद्दल तो काहीच बोलत नव्हता, म्हणून मी विचारलं. आत काय आहे? त्यानं आवाज खाली आणला. "सर, याच्यात सेलिटा आहे. पण मॉडिफाइड."

भाच्यानं इन-हाउसच घेतलं. त्याचे पैसे, त्याची हौस. ईमेल अजून यायचं आहे.